पणजोबा ५२ ते ५४ एमएलसी होते, मग दोनच वर्षं का? सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पणजोबा तासगावकडचे, लोकल बोर्डावर (आजच्या जिल्हा परिषदेसारखी तेव्हाची संस्था) होते, १९५२ ते ५४ मुंबई विधान परिषदेचे सदस्य होते. घरात त्यांचं लेटरहेड आहे, त्यावर नावापुढे एम.एल.सी., म्हणजे मेंबर ऑफ लेजिस्लेटिव्ह कौन्सिल, असं छापलंय. घरातले सांगतात की ते काही निवडून वगैरे आले नव्हते, पक्षाने मागच्या दाराने बसवलं आणि दोन वर्षांत काढूनही टाकलं. आणि काकांचं म्हणणं असं की पणजोबांचे वडीलही १९२६ ला एम.एल.सी. होते, म्हणजे दोन पिढ्या वरच्या सभागृहात. यातलं खरं काय, शोधायचं कुठे, आणि परिषदेला अधिकार तरी काय होते.

मी विधिमंडळाच्या जुन्या कागदपत्रांत आणि चर्चेच्या खंडांत ३० वर्षं काढली, आता निवृत्त आहे, आणि असे प्रश्न घेऊन येणारी घरं मी भरपूर पाहिलीत. दहातल्या आठ घरांत हीच गोष्ट असते बघा, "दोन वर्षांत काढलं". म्हणून आधी तेच घेतो.

काढलं नव्हतं. विधान परिषद कधी बरखास्त होत नाही, ती कायमची सभा आहे, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी नवे येतात, प्रत्येकाची मुदत सहा वर्षं. हे आज आपण बघतो तसंच. पण १९५२ ला राज्यघटनेप्रमाणे परिषद पहिल्यांदा बनली तेव्हा सगळेच सदस्य एकदम आले ना! सगळ्यांनाच सहा वर्षं दिली असती तर ५८ साली सगळे एकदम गेले असते आणि ते चक्र सुरूच झालं नसतं. म्हणून लोकप्रतिनिधित्व कायद्यात तरतूद केली होती की पहिल्या खेपेला राज्यपालांनी निवडणूक आयोगाशी बोलून आदेश काढायचा आणि काही सदस्यांची मुदत कमी करायची. मुंबई राज्याच्या परिषदेत जागा होत्या ७२. म्हणजे साधारण २४ जणांना दोन वर्षं, २४ जणांना चार आणि उरलेल्या २४ जणांना पूर्ण सहा. तुमचे पणजोबा पहिल्या २४ मध्ये आले एवढाच ५२-५४ चा अर्थ. त्यात त्यांचा दोष नाही, पक्षाची नाराजी नाही, काही नाही. हे मी इतकं ठासून सांगतोय कारण एका घरात मी पाहिलंय, आजोबांची मुदत दोन वर्षांची म्हणून सत्तर वर्षं घरात कुजबुज चालली होती की काहीतरी भानगड झाली असणार, त्यांच्या मुलाने तर वडिलांचा विषयच बंद करून टाकला होता, आणि कारण काय तर हा एक सरकारी आदेश.

हां, एक तपासून घ्या. ५२ ला सुरू होऊन ५४ ला संपत असेल तर वरचंच कारण. पण एखाद्याची मुदत ५३ ला सुरू होऊन ५६ ला संपते असं दिसलं तर तो पोटनिवडणुकीतून मधेच आलेला असतो, आधीच्या सदस्याची उरलेली मुदत पुरी करायला. आणि विषम वर्षी संपत असेल तर राजीनामा किंवा निधन किंवा तो माणूस लोकसभा-विधानसभेत गेला, यातलं काहीतरी. नेहमीची निवृत्ती सम वर्षीच यायची, ५४, ५६, ५८ अशी.

आता "निवडून आले नव्हते" हे. ७२ जागांची वाटणी अशी होती की २४ स्थानिक स्वराज्य संस्थांकडून, २४ विधानसभेच्या आमदारांकडून, ६ पदवीधरांकडून, ६ शिक्षकांकडून आणि १२ राज्यपालांनी नेमलेले. म्हणजे ७२ पैकी ६० जण कुणा ना कुणाची मतं घेऊन आलेले होते. नेमलेले फक्त १२, आणि ते साहित्य, शास्त्र, कला, सहकार, समाजसेवा यातले असावेत असं घटनेत आहे. त्यामुळे "एमएलसी म्हणजे नेमलेला" हे समीकरणच चूक आहे.

पणजोबा लोकल बोर्डावर होते म्हणता, म्हणून ते स्थानिक संस्थांच्या मतदारसंघातून आले असण्याची शक्यता मला जास्त वाटते, पण लगेच पक्कं धरू नका. कारण बोर्डाचं सदस्यत्व लागतं ते मत द्यायला, उभं राहायला लागत नाही. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तसंच शिक्षक मतदारसंघातून उभा राहणारा शिक्षकच असला पाहिजे असं नाही, पदवीधर मतदारसंघातला उमेदवार पदवीधर असलाच पाहिजे असंही नाही, मतदार मात्र तसे पाहिजेत. उमेदवाराला वयाची ३० वर्षं पुरी आणि राज्यातल्या कुठल्यातरी विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव, एवढं मुख्य.

आणि स्थानिक संस्थांची निवडणूक म्हणजे काय असायची त्याचा जरा विचार करा. मतदार म्हणजे नगरपालिकांचे आणि जिल्हा लोकल बोर्डांचे सदस्य. मतदारांची यादी हातात मावेल एवढी. भाषण करून, सभा घेऊन भागायचं नाही, प्रत्येक माणसाच्या ओट्यावर जाऊन बसावं लागायचं, आणि मत देणारा माणूस स्वतः राजकारणात मुरलेला, त्याला तुमची कुंडली पाठ. त्यात मतपत्रिकेवर शिक्का नाही तर पसंतीचे आकडे, १, २, ३. पहिली पसंती नाही मिळाली तर दुसरी तरी दे रे बाबा म्हणून फिरायचं. अशा मतदारांकडून निवडून येणं हे मला तरी मागचं दार वाटत नाही.

आमदारांनी निवडायच्या २४ जागांचा हिशोब मात्र सांगतोच, कारण त्यात ५२ सालाचं एक गुपित आहे आणि ते सहसा कुणी सांगत नाही. विधानसभा ३१५ ची. प्रमाणशीर पद्धतीत कोटा कसा काढतात तर एकूण मतं भागिले जागा अधिक एक. १९५२ ला २४ जागा एकदम भरायच्या होत्या, म्हणून ३१५ भागिले २५, म्हणजे १२.६, म्हणजे १३ आमदार पाठीशी असले की एक माणूस परिषदेत. पण ५४ पासून एका वेळेला आठच जागा, म्हणून ३१५ भागिले ९, म्हणजे ३५, आणि कोटा त्याच्या वर, म्हणजे ३६ आमदार लागणार. एकाच पद्धतीत १३ चे ३६ झाले! काँग्रेसचे २६९ होते, बाकी सगळे मिळून ४६. त्या ४६ जणांनी एकी केली असती तर ५२ ला तीन माणसं आणता आली असती, ५४ ला जेमतेम एक. म्हणून ५२ ला आलेला विरोधी पक्षाचा किंवा अपक्ष सदस्य ५४ ला परत आला नाही असं दिसलं तर "लोकांनी नाकारलं" असं म्हणू नका, गणितच बदललं होतं. स्थानिक संस्थांच्या २४ जागांचंही तसंच, एकेका जिल्ह्यापुरती एकच जागा असेल तर दुसरी-तिसरी पसंती मिळवूनसुद्धा छोट्या गटाला अवघड जायचं. पणजोबा कुठल्या पक्षात होते हे तुम्ही लिहिलं नाहीत, ते कळलं तर मी जास्त सांगू शकेन.

आता काकांचा मुद्दा. पणजोबांचे वडील १९२६ चे एम.एल.सी. असू शकतात, त्यात काही अडचण नाही. पण ते वरच्या सभागृहात नव्हते, कारण तेव्हा वरचं-खालचं असं काही नव्हतंच. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई इलाख्याला एकच सभागृह होतं आणि त्याचं नाव लेजिस्लेटिव्ह कौन्सिल, आपण मराठीत कायदे कौन्सिल म्हणायचो. त्याच्या प्रत्येक सदस्याला एम.एल.सी. म्हणत. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा १९२३ चा ठराव, ज्याच्या जोरावर पुढे महाडचा सत्याग्रह उभा राहिला, तो याच कौन्सिलमधला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ ला सदस्य म्हणून बसायला लागले ते याच कौन्सिलमध्ये, आणि महार वतनाचं बिल त्यांनी १९२८ ला मांडलं तेही इथेच. आज कुणी कुणी लिहितात की बाबासाहेब "विधान परिषदेचे" सदस्य होते, शब्दाला शब्द म्हणून चूक नाही, पण वाचणाऱ्याला आजची विधान परिषद डोळ्यापुढे येते आणि घोटाळा होतो. १९३७ ला ते निवडून आले ते असेंब्लीत, म्हणजे एम.एल.ए. म्हणून.

दोन सभागृहं आली ती १९३५ च्या कायद्याने, प्रत्यक्षात १९३७ पासून, आणि तीही सगळ्या प्रांतांत नाही. मुंबई, मद्रास, बंगाल, संयुक्त प्रांत, बिहार, आसाम, एवढेच सहा. मुंबईत असेंब्ली १७५ ची आणि कौन्सिल फक्त २९-३० जणांचं. २० सर्वसाधारण, ५ मुसलमान, १ युरोपियन आणि गव्हर्नरने नेमलेले ३ किंवा ४. मतदार कोण? बडे जमीनदार, इन्कमटॅक्स भरणारे, किताबवाले, युनिव्हर्सिटीच्या सेनेटवरचे असे. मुदत तर नऊ वर्षं, दर तीन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त. त्या कौन्सिलला श्रीमंतांचं सभागृह म्हणायचे ते खरंच होतं. तरीसुद्धा त्यात हंसा मेहतांसारखी बाई राखीव जागा नको म्हणून सर्वसाधारण जागेवरून निवडून आली होती आणि बाळासाहेब खेरांच्या मुंबई प्रांताच्या मंत्रिमंडळात पार्लमेंटरी सेक्रेटरी झाली होती, हे मी दर वेळेला सांगतो. मंगलदास पकवासा त्याचे प्रेसिडेंट, ३७ ते ४७ पर्यंत. आणि हे जुनं कौन्सिल घटना लागू झाल्यावरही तात्पुरतं चालू राहिलं, नवी परिषद ५२ ला येईपर्यंत. म्हणजे कुणाचे आजोबा "१९५० चे एम.एल.सी." असतील तर ते या जुन्या कौन्सिलचे, घटनेतल्या परिषदेचे नव्हेत.

थोडक्यात, नुसती एम.एल.सी. ही अक्षरं काही सांगत नाहीत, साल विचारल्याशिवाय पुढे जाऊच नका. १९३७ च्या आधीचा एम.एल.सी. एकमेव सभागृहाचा, ३७ ते ५२ चा श्रीमंत मतदारांच्या छोट्या सभागृहाचा, ५२ नंतरचा आजच्यासारख्या परिषदेचा.

आणि साल विचारलं की लगेच गाव विचारा. हे विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी मुद्दाम. मध्यप्रांत-वऱ्हाडला दुसरं सभागृह नव्हतं, ३५ च्या कायद्यानेही दिलं नाही. हैदराबाद राज्यालाही परिषद नव्हती. त्यामुळे अमरावतीचा किंवा औरंगाबादचा माणूस १९५३ ला आपल्या राज्याच्या वरच्या सभागृहाचा एम.एल.सी. असूच शकत नाही, ते दोन्ही भाग १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मुंबई राज्यात आले आणि मग तिकडून परिषदेवर माणसं यायला लागली. उलट बेळगाव-धारवाडकडचे लोक ५६ पर्यंत मुंबईच्या परिषदेत आणि नंतर म्हैसूरच्या. गुजरातचे सदस्य १९६० पर्यंत आपल्याबरोबर होते, गुजरातने मात्र वेगळं झाल्यावर परिषद ठेवलीच नाही. नागपूरच्या एका घरात आजोबांच्या नावापुढे एम.एल.सी. होतं, साल १९२४, घरच्यांना वाटलं चूक छापलंय. चूक नव्हती, ते मध्यप्रांताच्या एकमेव कौन्सिलचे सदस्य होते.

तुमच्या बाबतीत गावाचा अजून एक घोळ होईल, आत्ताच सांगून ठेवतो. ५२ साली सांगली जिल्हा या नावाचा जिल्हाच नव्हता. उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन होते, दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं १९६० ला. तासगावचा माणूस शोधताना "सांगली" बघत बसलात तर दिवस फुकट जाईल, "सातारा साउथ" बघा.

शोधायचं कसं ते सांगतो. पहिली जागा मुंबई सरकारचं गॅझेट, १९५२ चं. निवडून आलेल्यांची आणि नेमलेल्यांची नावं त्यात मतदारसंघासकट येतात, म्हणजे पणजोबा कुठल्या दाराने आले ते तिथे एका ओळीत मिळेल. आणि मुदत कुणाची किती हेही सरकारी आदेशानेच ठरलेलं असल्यामुळे त्याच वर्षात पुढे-मागे शोधा. दुसरी जागा परिषदेच्या चर्चेचे खंड, डिबेट्स. विधानभवनाच्या ग्रंथालयात आहेत, मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे तिथे जुनी सरकारी कागदपत्रं आहेत, आणि पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय जुन्या सरकारी प्रकाशनांसाठी फार चांगलं. जाताना आधी फोन करून, परवानगीचं पत्र काय लागतं ते विचारून जा.

खंड हातात आला की पहिल्यापासून वाचत बसू नका. सूची असते ती बघा, आणि आडनाव दोन-तीन स्पेलिंगनी बघा. पाटील-जाधव असेल तर आद्याक्षरं आधी पक्की करा नाहीतर भलत्याच पाटलांची भाषणं वाचाल. प्रश्नोत्तरं आणि बाकीचं कामकाज बऱ्याचदा वेगळं बांधलेलं असतं, दोन्ही मागा. नवीन माणूस पहिल्या वर्षी भाषण करत नाही, प्रश्न विचारतो. माझ्या अनुभवात घरच्यांना जे हवं असतं ते प्रश्नांमध्येच सापडतं. एकदा एक गृहस्थ आजोबांचं भाषण शोधत आले होते, भाषण नव्हतंच. मी म्हटलं प्रश्न बघू. खंड इतका जुना की पान उलटताना कडेचा तुकडा बोटाला चिकटून यायचा. एका पानावर खाली त्यांच्या आजोबांचा प्रश्न निघाला, अमुक गावाजवळच्या ओढ्यावरचा पूल पावसात वाहून गेला तो केव्हा बांधणार, आणि मंत्र्यांचं उत्तर, बाब विचाराधीन आहे. तीन ओळी फक्त. ते गृहस्थ पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले तो पूल अजून आहे, मी शाळेत त्याच्यावरून जायचो.

अजून एक बारीक खूण. भाषणाच्या सुरुवातीला "मिस्टर प्रेसिडेंट" असेल तर कागद जुन्या कौन्सिलच्या काळातला, "मिस्टर चेअरमन" असेल तर घटनेनंतरचा. "मिस्टर स्पीकर" असेल तर तुम्ही विधानसभेचा खंड उघडलाय, बंद करा आणि दुसरा मागा. मराठीत परिषदेला सभापती आणि विधानसभेला अध्यक्ष, हा फरक आजही आहे.

परिषदेला अधिकार काय होते असंही तुम्ही शेवटी विचारलंय. खरं सांगायचं तर थोडे. विधानसभेने पाठवलेलं बिल तीन महिने धरून ठेवता येतं, विधानसभेने परत पास करून पाठवलं तर अजून एक महिना, त्यानंतर परिषदेचं मत काहीही असो ते पास झालं असं धरतात. पैशाचं बिल असेल तर १४ दिवस. संयुक्त बैठक ३५ च्या कायद्यात होती, घटनेत राज्यांसाठी नाही ठेवली. मंत्रिमंडळ पाडता येत नाही, राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत नाही, राज्यसभेला मत नाही. पण मंत्री होता येतं, मुख्यमंत्रीसुद्धा. त्याच ५२ साली मद्रासमध्ये राजाजींना, म्हणजे सी. राजगोपालाचारींना, राज्यपालांनी परिषदेवर नेमलं आणि ते मुख्यमंत्री झाले, त्यावर केवढा गहजब झाला होता. "मागचं दार" हा शब्द लोकांच्या तोंडी बसायला असल्या उदाहरणांचा हात आहे असं मला वाटतं, आणि त्याची झळ तुमच्या पणजोबांसारख्या साध्या सदस्यांना लागली.

अधिकार थोडे म्हणून काम थोडं होतं असं मात्र मी मानत नाही. खालच्या सभागृहात गडबडीत पास झालेल्या बिलातला एखादा शब्द, एखादं पोटकलम, परिषदेत कुणीतरी शांतपणे वाचून दाखवलंय आणि सरकारने दुरुस्ती मान्य केलीय, असं मी डोळ्यांनी वाचलंय. पुढच्या काळात बघा, वि. स. पागे १९६० ते ७८ परिषदेचे सभापती होते, आणि रोजगार हमीची कल्पना त्यांची. पहिला प्रयोग कुठे झाला माहितीय? तुमच्याच तासगाव तालुक्यात, विसापूरला, १९६५ च्या सुमाराला. त्याचा कायदा झाला १९७७ ला. पुण्याच्या पदवीधरांनी ग. प्र. प्रधानांना १८ वर्षं निवडून दिलं, एन. डी. पाटीलही १८ वर्षं परिषदेतच होते. हे सगळे "मागच्या दाराचे" का?

तुमच्या पणजोबांच्या दोन वर्षांत काय शोधायचं तर ५२-५३ च्या दुष्काळावरच्या चर्चा आधी बघा, तासगाव-जत-आटपाडी पट्ट्यातला माणूस त्यावर गप्प बसला असेल असं वाटत नाही. कुळकायद्याची मोठी दुरुस्ती ५६ ची, त्यात ते नसणार, ते घरात कुणी सांगत असेल तर ती नंतरची भर. अधिवेशनं मुंबईत व्हायची, गेटवेजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये, जी मुळात खलाशांसाठी बांधलेली इमारत, आता तिथे पोलीस महासंचालकांचं ऑफिस आहे, आणि पावसाळ्यात पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये. घरात त्यांचा ग्रुप फोटो असेल तर मागची इमारत बघून कुठला ते कळेल. आमदार म्हणायचं का, तर हो, मराठीत दोन्ही सभागृहांच्या सदस्याला आमदारच म्हणतात.

त्या लेटरहेडचा नीट फोटो काढा, मागच्या बाजूचाही, आणि तारीख कुठे हाताने लिहिलेली असेल तर ती आधी वाचून कळवा. पूर्ण नाव आणि वडिलांचं नाव मात्र इथे उघड टाकू नका, मला वेगळं पाठवा, आद्याक्षरं कळली की सूचीत काय बघायचं ते सांगतो.